हात सांगून ठेवावा

आमचं घर हात लावणाऱ्या माणसांचं होतं. आई समोरच्याच्या मांडीवर थाप मारल्याशिवाय वाक्य पुरं करत नसे. ताई, म्हणजे माझ्याहून सहा वर्षांनी मोठी सुजाता, बोलता बोलता माझ्या वेणीशी खेळायची. बाबा पॉवर हाऊसमध्ये फिटर होते. शिफ्टवरून आले की आधी बूट काढायचे आणि मग जो कोणी हाताशी सापडेल त्याचा गाल ओढायचे. कोराडीच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे न्हाणी, पुढे वऱ्हांडा. एवढ्याशा जागेत कोणाला न लागता वावरायचं म्हणजे कसरतच होती, आणि ती मी रोज करायचे. भिंतीच्या कडेकडेनं चालायचे, दारातून कोणी येत असेल तर आधी त्याला येऊ द्यायचे. आई म्हणायची, "घरात पोरगी राहते का पाल राहते, काही समजत नाही अव माय."

मला कोणी हलकेच हात लावला की तिथे मुंग्या सुटायच्या. खऱ्याखुऱ्या, लाल, चावणाऱ्या. केसांवरून बोटं फिरली तर टाळूपासून मानेपर्यंत. आणि हात निघून गेला तरी त्या जायच्या नाहीत, अर्धा अर्धा तास चावत राहायच्या. मागून लावलेला हात सगळ्यांत वाईट, कारण तयारीच नसायची. गंमत अशी की दाबलेलं मला चालायचं. नुसतं चालायचं नाही, आवडायचं. भर मे महिन्यात, नागपूरच्या त्या उन्हात, मी दुपारी दोन गाद्या अंगावर ओढून झोपायचे आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची. "पागल झाली का वं? उकडून मरशीन!" पण त्या वजनाखाली माझं अंग एकदम गप्प व्हायचं. हे का होतं ते मला माहीत नव्हतं. सगळ्यांनाच मुंग्या चावत असतील आणि बाकीचे सोसत असतील, असं मी धरून चालले होते. मीच तेवढी भित्री.

याला नाव आहे हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. ताईच्या नातवाला दाखवायला आम्ही धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्या त्याच्या आईला एकेक प्रश्न विचारत होत्या. कपड्याचं लेबल टोचतं का, केस कापताना रडतो का, जवळ घेतलं तर अंग आक्रसतो का. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात प्रत्येकाला हो म्हणत होते. शेवटी न राहवून तोंडानंच हो म्हणाले. बाई वळून म्हणाल्या, "आजी, मी त्याचं विचारते आहे." म्हटलं, "त्याचंही तेच उत्तर आहे." पुढे त्यांनी माझंही रीतसर तपासून पाहिलं. ऑटिझम. एवढ्या उशिरा मिळालेल्या नावाचं करायचं काय, असं घरी आल्यावर दोन दिवस वाटत राहिलं. मग हे लिहायला बसले.

तर कोराडी. पॉवर हाऊसची घरघर रात्रंदिवस चालू असे आणि ती मला प्रिय होती, कारण ती कधी बदलत नसे. त्रास व्हायचा भोंग्याचा आणि कोळशाच्या ट्रकांच्या ब्रेकचा. राख सगळ्यावर पडे. उन्हाळ्यात आई कुरडया घालायची तेव्हा त्यांच्यावर जुनं नायलॉनचं लुगडं ताणून चारी कोपऱ्यांना विटा ठेवायची. तरी खाताना दाताखाली कधी कधी कचकच लागायची आणि बाबा म्हणायचे, "खाय, राख मायाच हातची आहे ते." रविवारी मटणाचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकर, एरवी वांग्याचं भरीत, अंबाडीची भाजी. आई भाकर थापायची तो आवाज मला इतका आवडायचा की मी अभ्यासाला तिथेच बसायचे, चुलीपासून बरोबर दोन फरशा सोडून. दुसरी आवडती जागा म्हणजे कॉलनीतलं विहार. तिथे सगळे ओळीनं शांत बसायचे, आपापले हात जोडून. आत येताना जय भीम, जाताना जय भीम, आणि कोणी कोणाच्या अंगाला हात लावत नाही. मला वाटायचं, जगच असं असतं तर काय बिघडलं असतं?

आता ती गोष्ट. दहावीचा निकाल तेव्हा पेपरात यायचा, क्लासवार नुसते नंबर. बाबा सकाळीच सायकल काढून फाट्यावर गेले. मी मागच्या अंगणात नळापाशी भांडी घासत होते, कारण हाताला काम असलं की माझी छाती जरा कमी धडधडायची. बाबा आले ते पळतच आले असावेत. मला ऐकू आलं नाही, नळ चालू होता. एकदम मागून माझ्या डोक्यावर हात पडला आणि केसांवरून फिरला. एकदा, दोनदा. "विशू! फस्ट क्लास गा पोरी!" आनंदाच्या भरात मला त्यांनी गा म्हटलं होतं, जसं पुरुषाला म्हणतात.

मी किंचाळले. हातातलं भगोनं फेकलं आणि डोकं सरळ नळाखाली घातलं. पाण्याची धार जोरात टाळूवर पडली की मुंग्या वाहून जातात हा माझा जुना उपाय होता. मी केस खसाखसा चोळले, पुन्हा चोळले. मान वर केली तेव्हा बाबा तिथेच उभे होते. हात अजून तसाच अर्धवट उचललेला. मग त्यांनी तो खाली केला, पेपर दोरीवर टाकला आणि आत गेले. मी ओल्या हातांनी पेपर घेतला आणि माझा नंबर शोधत बसले. सापडला. त्यापलीकडे त्या दिवशी काही घडलं आहे असं मला मुळीच वाटलं नाही.

त्या दिवसापासून बाबांनी मला हात लावणं सोडलं. गाल ओढणं बंद. चहाचा कप द्यायचा तर हातात न देता ओट्यावर ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरायचे. कॉलेजसाठी त्यांनी मला फाउंटन पेन आणलं तेही टेबलावर ठेवून, "हे तुयासाठी" म्हणून बाहेर गेले. आणि मी? मी खूश होते! मला वाटलं, एकदाचं बाबांना कळलं. न सांगता कळलं. या घरात मला समजून घेणारं कोणी असेल तर ते बाबाच. वर्षभर मी त्या सुखात होते. आज हे लिहिताना माझीच मला चीड येते.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. मुलगा हिंगण्याला एका कारखान्यात, माणसं साधी. लग्नाला आठवडा असताना आत्या आली. बाबांची मोठी बहीण, भंडाऱ्याकडच्या खेड्यात राहायची, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. घरात कूलर लागला, मांडवाचे बांबू आले, कैरीचं पन्हं माठात भरून ठेवलेलं. जो येईल तो मला जवळ ओढून म्हणायचा, "आता तुया नंबर, विशाखा." मी दिवसातून चारदा नळाखाली डोकं घालत होते. उन्हाळा असल्यामुळे कोणाला त्याचं काही वाटलं नाही. निदान मला तसं वाटलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी सकाळी चुडीवाली चाची आली. सीताबर्डीकडून बसनं यायची, डोक्यावर लाकडी पेटी, कॉलनीतल्या अर्ध्या लग्नांच्या बांगड्या तिनंच भरलेल्या. वऱ्हांड्यात सतरंजी टाकली. चाचीनं पेटी उघडली आणि हिरव्या काचेच्या माळाच माळा बाहेर काढल्या. आधी नवरी. चाचीनं ताईचा पंजा एकदा दाबून पाहिला आणि मापाची बांगडी उचलली. ताईनंतर आई, आईनंतर आत्या. आत्या हात पुढे करून बसली आणि चाची भरत असताना आमच्याकडे पाहून सांगू लागली.

"आमच्या लहानपणी गावात बांगड्यावाला येत होता ना, त आमच्या वस्तीच्या बाहीर बसत होता. आमचा हात धरत नव्हता. बांगड्या वरून टाकायचा पदरात. मंग आमच्या आमी भरायच्या. मायी माय असंच भरून राहिली होती, फुटली काच, गेली इथून तिथपर्यंत." तिनं स्वतःच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत बोट ओढून दाखवलं. "तिले कोणी हात लावून बांगडी नाही भरली, मरेपर्यंत. म्हणून मी भरते त अशी ऐटीत भरते."

"भरो ना आपा, आराम से भरो," चाची म्हणाली. बायका हसल्या, पण आईनं डोळ्यांना पदर लावला.

मग आत्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी दाराच्या आड उभी होते, आपली पाळी विसरली जाईल या आशेवर. "करवली कुठी आहे? ये वं इकडं. बहिणीच्या लग्नात लंडी, बिनाबांगड्याची फिरशीन का?" मी म्हटलं मला नको. मला बांगड्या नकोत. "नोको काहून? चाचीचा हात नाही चालत का तुले?" म्हणत ती उठली आणि माझं मनगट धरलं. धरलं तेही लाडानं, हलक्या बोटांनी, वर कुरवाळत. माझा हात आपोआप झटकला गेला. तो लागला चाचीच्या पुढ्यातल्या माळांना, आणि डझनावारी बांगड्या वऱ्हांड्याच्या फरशीवर पडून खळ्ळकन फुटल्या.

 लग्नघरात, नवरीसमोर, हिरव्या बांगड्यांचा चुराडा! आमच्याकडे शकुन-अपशकुन मानत नसत. बाबांनी तर ते घरातून हाकललेच होते, पण बायकांचे चेहरे काय ते सांगत होते. ताईचे डोळे भरले. आत्या ओरडली, "डोकं फिरलं का तुयं?" आणि मांडवाची दोरी हातात घेऊन बाबा अंगणातून वर आले. त्यांनी काचा पाहिल्या, मला पाहिलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. पण ते अगदी हळू बोलले.

"सोड तिले, आक्का. तिले आपले हात चालत नाही. मायाही नाही चालत."

आणि अंगणात परत गेले.

मी ताईला आत ओढूनच नेलं. मी कोणाला ओढून नेलं हीच केवढी मोठी गोष्ट, पण ते तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. "बाबा असं काहून बोलले? मले त वाटलं त्यायले समजलं."

"काय समजलं?" ताई रडत रडत चिडली होती. "तूनं निकालाच्या दिवशी काय केलं ते विसरली का? त्यायनं डोक्यावर हात ठेवला त तूनं नळाखाली डोकं धुतलं. चोळू चोळू धुतलं! विशू, बाबा शाळेत होते ना गावात, तवा त्यायचा धक्का लागला का पोरं घरी जाऊन आंघोळ करत होते. आई सांगते ना आपल्याले. तूनं तेच केलं. त्यायच्या पोरीनं. ते त्या दिवशी जेवले नाही, तुले मालूम तरी आहे का?"

मला मालूम नव्हतं. मी खाली फरशीवर बसले. वर्षभराचे ते ओट्यावर ठेवलेले कप, टेबलावर ठेवलेलं पेन, ती मागे सरलेली दोन पावलं, सगळं एकदम उलटं होऊन दिसलं. मी ज्याला समजूतदारपणा म्हणत होते ते माझ्या बापाचं दुःख होतं. बाबांना वाटत होतं की मला त्यांची शिसारी येते. आणि खरं काय ते मी सांगणार तरी कसं? मुंग्या आहेत म्हणून सांगायचं? कोण विश्वास ठेवणार?

किती वेळ बसले कोण जाणे. बाहेरून चाचीची हाक आली. "बिटिया को भेजो. जो टूटा सो टूटा." मी गेले, कारण काचा मी फोडल्या होत्या आणि निदान झाडून घ्यायला हव्या होत्या. पण तिनं आधीच झाडून घेतल्या होत्या. तिनं माझ्याकडे वर पाहिलं, हात पुढे केला नाही. म्हणाली, "मैं नहीं पकडूँगी. तू दे. पहले बोलूँगी, फेर दबाऊँगी. बिना बोले दबाया तो हाथ झटकता है, काँच फूटता है. मेरा तो रोज का काम है."

मी हात दिला. देताना डोळे मिटून घेतले होते. "अब दबाती," ती म्हणाली आणि तिनं दाबला. गच्च. अंगठा आत मुडपून, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं एकमेकांवर येतील इतका. मी मुंग्यांची वाट पाहिली. आल्या नाहीत. "अब चढाती." थंड काच हाडावरून सरकली आणि मनगटात पडली. "फेर दबाती." एका हातात आठ, दुसऱ्या हातात आठ, सोळा वेळा तिनं सांगितलं आणि सोळा वेळा दाबलं. शेवटी शेवटी माझे खांदे खाली आले होते आणि मी डोळे उघडून तिच्या बोटांकडे पाहत होते. माणसाच्या हातानंही दोन गाद्यांखाली होतं तसं गप्प होता येतं, हे मला सतराव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. "देख, कुछ हुआ?" चाचीनं विचारलं. म्हटलं, "नहीं हुआ." आत्या बाजूला बसून सगळं पाहत होती. तिनं पन्ह्याचा गिलास माझ्याकडे सरकवला.

बाबा मागच्या अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होते. नळाला लावलेली रबरी नळी एका हातात, पाठ माझ्याकडे. मी लांबूनच हाक मारली. अचानक मागून जाण्याचा प्रकार मी कोणाशी करत नाही.

"बाबा, हात द्या."

ते वळले. "काहून?"

"द्या ना. मी सांगते, मंग दाबते."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मोकळा हात पुढे केला, सावकाश, एखाद्या बुजऱ्या जनावरासमोर धरावा तसा. फिटरचा हात तो, रुंद, पान्यानं घट्टे पडलेला. "आता दाबते," म्हटलं आणि दोन्ही हातांनी दाबला, चाचीनं दाबला तसा. माझ्या नव्या बांगड्या वाजल्या. मग माझं तोंड सुटलं. जन्मात एवढं सलग बोलले नव्हते. "हळू हात लावला का मले मुंग्या येतात, बाबा. आईनं लावला तरी येतात, ताईनं लावला तरी येतात, सगळ्यायनं लावला तरी येतात. मागून लावला त लई येतात. पाण्याच्या धारीनं जातात. मी त्या दिवशी तुमचा हात नाही धुतला. मुंग्या धुतल्या. तुमचा हात कायले धुईन मी?"

 कूलर भरून पाणी आमच्या पायांवर वाहत होतं आणि आतून आई ओरडत होती, "अवं नळ बंद करा ना कोणी!" कोणीही केला नाही.

"आता डोक्यावर ठेवा," मी म्हटलं. "सांगून ठेवा. अन् हळू नोको. जोरानं."

"लागन ना वं."

"हळू लागते. जोरानं नाही लागत."

माझ्या बोलण्यात त्यांना अर्थ दिसला की नाही, देव जाणे. म्हणजे आमच्याकडे देव नाही, पण बोलायची रीत. त्यांनी नळी खाली टाकली, हात पायजम्याला पुसला, पुन्हा पुसला. ते दुसरं पुसणं मी आजही विसरलेले नाही. "ठेवतो मंग," म्हणाले. आणि ठेवला. आधी नुसता टेकवला, तशी मी त्यांच्या हातावर माझे दोन्ही हात ठेवून खाली दाबला. "एवढं?" "अजून." त्यांनी दाबलं. नटबोल्ट आवळताना लावत असतील तेवढा जोर लावला असेल. माझी मान आखडली, पण मुंगी एकही आली नाही. वर पाहायची सोय नव्हती, हात होता ना. पण त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो रडणाऱ्या माणसाचा होता.

ताईच्या पाठवणीला सगळं घर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होतं. मी नेहमीप्रमाणे भिंतीला लागून उभी. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि बाबा गर्दीतून माझ्याकडे आले. तीन पावलांवर थांबले. "विशू, ठेवू का?" चारचौघांत, सगळ्या कॉलनीसमोर विचारलं. मी म्हटलं, "ठेवा." पुढची सव्वीस वर्षं, ते होते तोवर, त्यांनी मला असंच विचारलं. एकदाही विसरले नाहीत. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

त्या पाठवणीनंतर दोन दिवस मी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. आई करवादली, एवढ्या उन्हाळ्यात, केसांत अक्षतेसारखी राख बसली आहे, वास येऊन राहिला, धू ना वं! मी नाही म्हटलं. बाबा समोर बसून भाकर खात होते. त्यांनी माझ्या कोरड्या केसांकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "राहू दे तिले."